टीव्हीतली म्हैस आणि मांडवातली विहीण

विहिणीनं बुंदीची ताटली पुढं सरकवली, डोळ्यांवरचा काळा चष्मा दोन्ही हातांनी नीट बसवला आणि उभी राहिली. मांडवाच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात ती आपल्या माणसांना म्हणाली, "गाडी काढा रे. आपलाले आठे लगीन करानं नही."

आमचं गाणं तिथंच थांबलं. पुढं बसून म्हणणारी मी होते. मी म्हणजे नवरीची आई.

लेक आतल्या खोलीत हळद लावून बसलेली. लग्न दुपारचं. चुलाण्यावर वरण शिजत होतं, बट्ट्यांची कणीक मळून ओल्या फडक्याखाली ठेवलेली होती. धुळ्याकडचं वऱ्हाड सकाळीच ट्रकमधून आमच्या जळगावच्या गल्लीत उतरलं होतं आणि आता नाश्त्याला बसलं होतं. पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. आणि नवरदेवाची आईच उभी राहून सांगत होती की लग्न करायचं नाही.

हळद लागलेल्या पोरीचं लग्न मोडलं तर तिचं पुढं काय होतं, ते मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझ्या चुलत बहिणीचं तसं झालं होतं. चूक तिची नव्हती, मानपानावरून दोन म्हातारे भांडले होते. पण ती जन्मभर भावाच्या घरी भांडी घासत राहिली, आणि लोक म्हणत राहिले की पोरीतच काहीतरी असणार.

माझे मालक धावत आले. त्यांच्या डोक्यावरची नवी टोपी तिरकी झाली होती. "काय म्हटलंस तू त्यांना?" त्यांनी मला विचारलं.

"म्हैस म्हटलं," मी सांगितलं.

हे कशावरून झालं ते सांगायचं तर थोडं मागं जावं लागेल.

माझं माहेर अमळनेरच्या बाजूचं, नदीकाठचं गाव. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेच्या सणाला, माहेरी आलेल्या लेकी नदीवर जमायच्या. या काठाला आमचं गाव, त्या काठाला पलीकडचं. एका काठानं गाण्यात शिवी द्यायची, दुसऱ्या काठानं गाण्यातच उत्तर द्यायचं. ज्या काठाला उत्तर सुचेना तो हरला. त्या दिवशी कोणी कोणाला काहीही म्हणावं, राग धरायचा नाही. मी शाळा चौथीपर्यंत शिकले, पण नदीवरचं शिक्षण लग्न होऊन सासरी जाईपर्यंत चाललं. मी होते तोपर्यंत आमचा काठ हरला नाही.

लग्नातही हाच रिवाज. वऱ्हाड खायला बसलं की नवरीकडच्या बायकांनी विहिणीवर शिव्यांची गाणी म्हणायची. विहीण हावरी आहे, विहिणीनं पदरात लाडू लपवले, विहीण लुगडं मागून नेसून आली. ही गाणी माझ्या आजीच्याही आधीची. ज्या विहिणीवर म्हणतात तीही ती पाठ म्हणू शकते, कारण दुसऱ्याच्या लग्नात तिनं तीच म्हटलेली असतात. तीही मग हसत हसत उत्तर देते.

या सगळ्यात म्हैस आली ती टीव्हीतून.

मालक कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते. लेक शाळेत असताना त्यांनी काळापांढरा टीव्ही आणला. गल्लीत तो दुसराच, त्यामुळे रविवारी सकाळी आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. तेव्हा एक कार्टून लागायचं. हिंदीतलं, इथंच कोणीतरी केलेलं. चित्रं काही फार चांगली नव्हती. माणूस चालला की पाय हलायचे आणि अंग तसंच राहायचं. पण त्यात गंमत होती. सगळं गाव जनावरांचं. गाढव सरपंच, बोकड मास्तर, आणि सगळ्यांत शहाणी एक म्हैस. ती काळा चष्मा लावायची, स्कूटर चालवायची आणि चोरांना शिंगांवर घ्यायची.

ती म्हैस दर रविवारी कोणाची तरी नक्कल करायची. कधी बातम्या देणाऱ्या बाईसारखी मान न हलवता बसून सांगायची की आज गावात काहीही झालं नाही. कधी शेतीच्या कार्यक्रमातल्या साहेबासारखी कोरड्या विहिरीपाशी उभी राहून पाणी कसं द्यावं ते शिकवायची. कधी सिनेमातल्या नटीसारखी झाडामागून डोकावायची, आणि झाड एवढंसं, म्हैस एवढी. म्हैस पडली की पोरं हसायची. मी मात्र ती झाडामागं गेली की लगेच हसायचे. लेक विचारायची, "आई, अजून पडली कुठं? तू आधीच का हसलीस?" मी सांगायचे की मी जत्रेतल्या सिनेमाच्या तंबूत ते मूळचं गाणं बघितलंय. तिथं नटी अशीच डोकावायची आणि पुरुष शिट्ट्या मारायचे. मूळ बघितलेलं असलं की नकलेला धार येते. नसलं तर ती नुसती झाडामागची म्हैस.

गल्लीत त्या म्हशीचा फार मान होता. खेळताना पोरी भांडायच्या की म्हैस मीच होणार. माझी शेजारीण, जी गाण्यात कायम माझ्या जोडीला असायची, ती रेशनच्या दुकानदाराशी भांडून पुरतं रॉकेल घेऊन आली तेव्हा आम्ही सगळ्या म्हणालो, "आली बघा म्हैस!" ती आठवडाभर त्याच तोऱ्यात होती.

तर त्या सकाळी वऱ्हाडाचा ट्रक थांबला. मागचं फळकं पाडलं आणि विहीण उतरली. रंगानं काळी, अंगानं भरलेली, हिरवं नऊवारी, आणि डोळ्यांवर हा एवढा काळा चष्मा. पायाखाली स्टूल दिलं होतं ते तिनं बाजूला सारलं आणि धप्पकन खाली उडी टाकली.

शेजारणीनं माझं मनगट असं दाबलं की बांगडी पिचली. "अगं, ही तर आपलीच!"

मला हसू आवरेना. ओवाळताना ताट हलत होतं. आम्हाला वाटलं विहीण हौशी आहे, चष्मा फॅशनचा आहे. लग्न ठरवताना बघितली तेव्हा तिच्या डोळ्यांवर काही नव्हतं. मध्ये काय झालं ते आम्हाला कोणी कळवलं नव्हतं. लग्नाच्या घरात गाणं रचायला वेळ कुठला, पण चार ओळींना वेळ लागत नाही. बुंदीच्या ताटल्या भरता भरता झालं. वऱ्हाड बसलं, आधी दोन जुनी गाणी म्हटली, विहीण गालात हसली. मग मी नवं काढलं:

काया चष्मा लाईसन
टीव्हीनी म्हैस उनी,
मांडवमा जागा नही
दोन पाटवर बसनी.

आमच्या गल्लीतल्या बायका हसून लोटपोट. पोरं उड्या मारायला लागली. आचारीसुद्धा झारा घेऊन बघायला आला. वऱ्हाडातल्या बायका मात्र एकमेकींची तोंडं बघत होत्या. एकही हसली नाही. आणि मग ती उठली.

मालक मला विचारत होते तेवढ्यात तिनंच सांगितलं. आवाज जराही चढवला नाही. "मन्हा डोयानं आपरेशन व्हयेल शे. डॉक्टर म्हने परवास करू नको. पोरनं लगीन म्हनीसन ट्रकमा धक्का खात उनू. आनि तुम्ही माले म्हैस म्हनतस? मन्हा डोयावर हसतस?"

मोतीबिंदू काढलेला होता. मला आता कळलं.

तेव्हा मला आणखी एक गोष्ट कळली, ती नदीवर कधी कळली नव्हती. जुनी शिवी लागत नाही, कारण ती सगळ्यांची असते. नवी शिवी लागते. ती आपल्याच मापाची शिवलेली असते.

मालक माझ्या कानाशी म्हणाले, "पाय धर त्यांचे. माफी माग."

मी म्हटलं, "माफी मागितली की मी त्यांच्या डोळ्याला हसले हे नक्की होईल. मी हसलेच नाही त्याला."

आतून लेक दाराशी आली होती. अंगभर हळद, कपाळाला मुंडावळ्या. ती हळूच पण स्पष्ट बोलली, "आई, म्हशीपायी मला घरी बसवलंस." तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. माझीच पोर ती. रागानं ओठ पांढरे पडले होते.

विहीण ट्रककडे निघाली. वऱ्हाडातल्या बायका उठल्या, पोरांना गोळा करायला लागल्या. ट्रकवाला मात्र जागेवर नव्हता. कुठंतरी चहा प्यायला गेला होता. विहीण फळक्याशी उभी राहिली. मी तिच्या पुढं जाऊन उभी राहिले.

"बाई, जायचं तर जा," मी म्हटलं. "पण कोणावरून गाणं केलं ते बघून जा. मग मला काय द्यायच्या त्या शिव्या द्या. मी ऐकून घेईन."

"काय देखानं शे त्यामा?"

"टीव्हीत एक म्हैस येते. आमच्याकडे तिच्याइतकी शहाणी कोणी नाही. तिला असाच चष्मा आहे. आज रविवार आहे, आता लागेल."

"डॉक्टर म्हने टीव्ही देखू नको."

"चष्मा आहे की डोळ्यांवर."

ती माझ्याकडे बघत राहिली. काळ्या काचांतून काय दिसत होतं कोण जाणे. तिचे मालक, त्यांना सगळे नाना म्हणत, गरीब स्वभावाचा माणूस, तिच्या मागून म्हणाले, "देखी ल्या ना. टरकवाला तश्याबी च्या पिवाले गयेल शे."

"तुम्ही गप बसा," ती म्हणाली. पण पाऊल माझ्या घराकडे टाकलं.

आता खरी पंचाईत. टीव्ही जागेवर नव्हता. पुढच्या खोलीत रुखवत मांडायचं म्हणून तो लुगड्यात गुंडाळून धान्याच्या कोठीवर ठेवला होता. आणि मांडवाच्या दोऱ्या बांधायला अडचण होते म्हणून माळवदावरचा अँटेना काढून न्हाणीच्या भिंतीला टेकवला होता.

टीव्ही आम्ही बायकांनीच उतरवला. रुखवतातले करंज्यांचे डबे पाटावरून उचलून जमिनीवर ठेवले आणि त्या पाटावर टीव्ही ठेवला. अँटेना घेऊन मालक वर चढले. खांब काढलेला होता, त्यामुळे तो हातातच धरून उभं राहायचं. वैशाखातलं ऊन, लोखंडाचा अँटेना. त्यांनी उपरण्यात धरला. खाली नुसत्या मुंग्या. मालक वरून ओरडले, "आलं का?" आम्ही खालून, "मुंग्या!" ते जरा फिरले. "आलं का?" "मुंग्याच!"

मग नाना उठले. शिडीवर चढले आणि अँटेनाची दुसरी बाजू धरली. एकानं धरला तर तो हलत होता, दोघांनी धरला तर स्थिर राहिला. पडद्यावरच्या मुंग्या विरल्या आणि गाढव सरपंच दिसायला लागला.

खोली गच्च भरली. विहिणीला मध्ये खुर्ची दिली. आमच्या बायका भिंतीला, तिच्या बायका दारात. लेक आतल्या दाराला टेकून.

म्हैस स्कूटरवरून आली. काळा चष्मा, तीच चाल. आमची पोरं सवयीनं ओरडली आणि लगेच गप्प झाली.

विहिणीनं विचारलं, "हाई म्हैस म्हनजे मी शे?"

"हो," मी म्हटलं.

तिनं मान हलवली नाही. म्हशीनं एका चोराला शिंगांवर घेतलं. मग म्हशीनं सिनेमातल्या खलनायकासारखा आवाज काढून बोकडाला दम दिला. आमच्या भिंतीकडच्या बायका तोंडात पदर कोंबून हसल्या. विहीण दगडासारखी. तिनं तो सिनेमा बघितलेला नव्हता. तिला म्हैस दिसत होती, म्हैस कोणावर हसते ते दिसत नव्हतं. आम्ही जितकं हसत होतो तितका तिचा जबडा घट्ट होत होता. मला वाटलं संपलं. हिला इथं आणून मी आणखी घाण केली.

शेजारीण माझ्या कानात म्हणाली, "हिला काय दिसतंय यात? बंद कर."

मी म्हटलं, "थांब."

पडद्यावर शंख वाजला. पोथीतल्या लढाईसारखं मैदान आलं. एका टोकाला म्हैस रथात, डोक्यावर मुकुट, तरी चष्मा तसाच. दुसऱ्या टोकाला गाढव. म्हशीनं डोळे मिटून मंत्र पुटपुटला आणि बाण सोडला. गाढवानं सोडला. दोन बाण आभाळात समोरासमोर आले आणि थांबले. थांबलेच. संगीत वाजतंय, बाण एकमेकांकडे बघताहेत. पुन्हा म्हशीचं तोंड. पुन्हा गाढवाचं तोंड. पुन्हा बाण.

आणि मी बघितलं, विहिणीचे दोन्ही हात आपोआप जोडले गेले होते.

ते कसं ते तिनं नंतर सांगितलं. त्यांच्या गावात टीव्ही एकच, पंचायतीत. लाकडी कपाटात, कुलपात. काही वर्षांपूर्वी रविवारी पोथीतल्या गोष्टींची मोठी मालिका लागायची तेवढ्यासाठी सरपंच कुलूप काढायचा. बायका आंघोळी करून, हळदकुंकू घेऊन यायच्या. मालिका संपली की कुलूप. आमचं कार्टून, आमचे सिनेमे, यातलं तिनं काही बघितलं नव्हतं. पण बाण बघितले होते. हात जोडून, उपाशी पोटी, रविवारमागून रविवार.

पडद्यावर एका बाणाला जांभई आली. दुसऱ्यानं विचारलं, किती वेळ असं उभं राहायचं? पहिला म्हणाला, पुढच्या रविवारपर्यंत. मग दोघं तिथंच आभाळात मांडी घालून बसले आणि एकानं चहा मागवला.

हे देवाधर्माचं. ही बाई हात जोडून बसलेली. आता ही नुसती लग्न मोडून जाणार नाही, आम्हाला शाप देऊन जाणार.

विहिणीचे जोडलेले हात तसेच होते. मग तिचं पोट हललं. मग खांदे हलले. मग तिच्या तोंडातून असा आवाज निघाला की दारातल्या बायका दचकल्या. ती हसत होती. खुर्ची करकरत होती. डोळ्याला पाणी येऊ देऊ नका असं डॉक्टरनं सांगितलेलं, म्हणून तिनं चष्मा दोन्ही हातांनी दाबून धरला होता आणि हसत होती.

"अव माय," ती दम खात म्हणाली. "तठे पंचायतमा असाच बाण थांबेत ना! मी घर जाऊ, म्हशीले पानी पाजीसन परत येऊ, तरी बाण तठेच!"

म्हशीचं नाव तिच्याच तोंडून निघालं. तिच्याही ध्यानात आलं. आणि मग खोलीतल्या सगळ्या बायका, आमच्या आणि तिच्या, एकदम फुटल्या. शेजारीण तर जमिनीवरच बसली. लेक दाराला धरून हसत होती, हळदीचा हात चौकटीवर उमटला. तो ठसा आम्ही घर रंगवेपर्यंत होता.

वरून मालकांचा आवाज आला, "काय झालं? गेलं का?"

विहीण खिडकीकडे तोंड करून ओरडली, "उनं! हालू नका दोन्ही जन!"

म्हैस संपेपर्यंत ते दोघं वर उन्हात अँटेना धरून उभे होते. एकानं एक बाजू, दुसऱ्यानं दुसरी. व्याह्यांनी एकमेकांना काय म्हणावं, कोणी कोणाचा मान राखावा, यावरून लग्नात केवढी भांडणं होतात. या दोघांचं त्या माळवदावर काय ठरलं कोण जाणे, पण जन्मभर एकमेकांना कधी वावगं बोलले नाहीत.

कार्यक्रम संपला. विहीण उठली, मांडवात गेली. मी मागं. सगळं वऱ्हाड बघत होतं. ट्रकवाला चहा पिऊन आला होता आणि विचारत होता की गाडी काढू का. तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही.

"पाट आना," ती म्हणाली.

शेजारणीनं पाट आणला.

"एक नही. दोन आना. दोन पाटवर बसनी म्हनतस ना मी?"

दोन पाट जोडून ठेवले. ती त्यांवर ऐसपैस बसली, चष्मा सरळ केला, आणि माझ्याकडे बोट करून खड्या आवाजात सुरू केलं. कुठून सुचलं, कधी रचलं, देव जाणे. खुर्चीतून उठून मांडवात येईपर्यंत झालं असेल:

नवरीनी मायना बाण उडना,
आभायमा जाईसन थकना,
खाले येवाले तयार नही,
च्या पिवाले बसना.

मांडव डोक्यावर घेतला सगळ्यांनी. आता दोन्हीकडच्या बायकांना मूळ माहीत होतं. त्यांनी त्याच चार ओळी तिला पुन्हा पुन्हा म्हणायला लावल्या. वाजंत्रीवाल्यानं ताल धरला. तिच्याकडच्या बायका टाळ्या देत माझ्याभोवती फिरल्या, "थकना, थकना" म्हणत. आणि सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या. आता उत्तर माझं.

मला सुचलं नाही.

नदीवर मी कधी हरले नव्हते. पोरीच्या मांडवात, गावासमोर, माझ्या गल्लीसमोर हरले. मी उभी राहिले, पदर खोचला, तोंड उघडलं आणि बंद केलं. विहीण पाटांवर बसून वाट बघत होती. "बोला, बोला," ती म्हणाली, "बाण खाले येऊ द्या." मग मी आत गेले आणि बुंदीची भरलेली परात आणून तिच्यापुढं ठेवली. हरलेल्यानं असंच करायचं असतं.

"मंग आते खासू," ती म्हणाली आणि खायला लागली. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं.

लग्न दुपारी ठरल्या वेळेला लागलं. अक्षता पडल्या, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी पुरून उरली. लेकीला ट्रकमध्ये चढवताना स्टूल दिलं. विहिणीनं तेही बाजूला सारलं आणि सुनेला म्हणाली, "उडी मार. म्हैसनी सून शे तू." लेकीनं शालू वर धरला आणि मारली. रडायचं राहूनच गेलं.

मला उत्तर त्यानंतर आठवड्यानं सुचलं, कपडे धुताना. पोर पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिच्याजवळ पाठवलं. तिनं ते सासरी जाऊन तोंडपाठ म्हणून दाखवलं. परत येताना उत्तर घेऊन आली. मग हे चालूच राहिलं. धुळ्याला जावयानं टीव्ही घेतला. तो तिथल्या शाळेत मास्तर. म्हातारीला तो डोळे बरे झाल्यावर सगळं बघू द्यायचा. तिनं माझ्याइतकं बघितलं, मग माझ्याहून जास्त. पुढं केबल आली आणि घराघरात रडणाऱ्या सासवा-सुनांच्या मालिका सुरू झाल्या. त्यात एक सासू दर वेळी जिन्यावरून उतरायची आणि तिचं तोंड तीनदा दाखवायचे. विहिणीनं ती नक्कल दुसऱ्या नातवाच्या बारशात केली. पाळण्याशी उभी राहून तीनदा मान वळवली, प्रत्येक वेळी तोंडानं ढँग करून. बारशाला आलेल्या, जवळच्या असोदा गावच्या बायकांनी तिला पुन्हा करायला लावलं. मी त्यांना सांगितलं की हिला आधी काहीच माहीत नव्हतं, मी शिकवलं. विहीण म्हणाली, "शिकाडं कोनी? बाण तर वरच बसेल शे अजून."

लग्नानंतर ते कार्टून फार दिवस चाललं नाही. एका रविवारी लागलं नाही, पुढच्याही नाही, मग बंदच झालं. ते कोणी काढलं होतं, त्या म्हशीला आवाज कोणी दिला होता, आम्हाला कधी कळलं नाही. पुढं मी कधी कोणाला विचारलं तर कोणाला आठवतही नव्हतं. आमच्या दोन घरांत मात्र म्हैस म्हणजे मान. नातीला शाळेत बक्षीस मिळालं तेव्हा विहिणीनं फोनवर मला एवढंच सांगितलं, "म्हैस उनी पहिली." मला कळलं.

माझे मालक गेले. नाना गेले. शेजारीण गेली. नदीच्या त्या काठावरच्या बायांपैकी कोणी उरलं नाही, या काठावरची मी. विहिणीचा ऑपरेशन झालेला तो डोळा अजून चांगला आहे, दुसरा गेला. ती धुळ्याला लेकाजवळ असते, मी जळगावला. दोघी अजून जिवंत आहोत.